दोन बांधींमधली मुही

नव्व्याण्णव साली माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी मुलाकडच्यांना दोनच प्रश्न विचारले. जमीन किती, आणि पाणी कुठून येतं. वडील गोंदियाच्या बाजारात धानाचे अडते होते. मुलाच्या स्वभावाबद्दल विचारण्यात अर्थ नाही, कारण त्याबद्दल कुणी खरं सांगत नाही, असं त्यांचं मत होतं. जमिनीबद्दल माणूस निदान अर्धं खरं सांगतो. मध्यस्थ म्हणाला, जमीन चांगली आहे आणि पाणी तलावातून मोठ्या भावाच्या बांधीत आणि तिथून खाली यांच्या बांधीत येतं. वडील खूश झाले. "सगे भाई के खेत से पानी आ रहा है, तो फिर चिंता कायची?" असं आमच्या घरच्या खिचडी भाषेत म्हणून त्यांनी सुपारी फोडली. धानाच्या व्यापारात आयुष्य घालवलेला माणूस इतका भोळा कसा राहिला, हे मला अजून कळलेलं नाही.

सासर तिरोड्याजवळच्या एका गावात. घराण्याचे पूर्वज माळव्यातून आले, असं सासरे प्रत्येक पाहुण्याला सांगत. ते इतक्या ठसक्यानं सांगत की नवीन माणसाला वाटावं, सामान अजून गाडीतच आहे. लग्नानंतर दोनेक वर्षांत सासरे गेले. घरं दोन झाली, अंगण एकच राहिलं. सासऱ्यांनी आधीच वाटून ठेवल्याप्रमाणे वरची बांधी मोठ्या भावाला आणि खालची माझ्या नवऱ्याला आली.

ज्यांनी धानाची शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे शेत म्हणजे बांधी. चारही बाजूंनी मातीचा धुरा आणि आत पाणी. जमीन उताराची असते, म्हणून बांध्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक असतात. वरच्या बांधीतलं जास्तीचं पाणी खालच्या बांधीत उतरावं म्हणून धुऱ्यात हातभर वाट ठेवतात, तिला मुही म्हणतात. पाणी हवं असलं की खालचा मुही उघडतो, पाणी फार झालं की वरचा उघडतो. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याला विचारावं लागत नाही. फावड्यानं दोन ढेकळं काढली की मुही उघडली, परत टाकली की बंद. याच्यावर कुठं लिहिलेलं काही नाही. आमच्या भागात माणसं धुऱ्यावरून कोर्टात जातात, पण मुहीवरून गेलेली मी ऐकली नव्हती.

मला त्या गावात एकच माणूस होतं, ते म्हणजे माझी जाऊ. मी शहरातली, हिंदीत वाढलेली. घरात पोवारी, बांधीत झाडीबोली, आणि मला दोन्हीतलं धड काही येत नव्हतं. पहिल्या वर्षी रोवणीला, धानाच्या लावणीला, गेले तेव्हा पऱ्ह्याच्या रोपांची पेंडी हातात धरून चिखलात उभी राहिले, आणि ज्या पायावर उभी होते तो पाय बाहेर येईना. बायका हसायला लागल्या. जाऊ हसली नाही. तिनं माझ्या पोटरीला दोन्ही हातांनी धरून पाय उपसला आणि म्हणाली, "लहाने, पाय आधी वाकडा करा लागते, मंग वर." बस, तेवढंच. त्या दिवसापासून मी तिच्या मागं मागं राहिले. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनं माझं केलं. माझी सख्खी बहीण असती तरी तिनं इतकं केलं नसतं, कारण माझी बहीण आळशी आहे.

भासऱ्यांशी, म्हणजे मोठ्या दिरांशी, मी कधी बोलले नाही. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नसतं, समोर आले तर पदर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते अंगणातल्या गाईकडे पाहून बोलत. "पाऊस येऊन राहिला, कपडे वारत टाकले हायेत." मग मी कपडे काढायची. गाय काही करायची नाही. या पद्धतीत गैरसोय अशी कुणालाच नव्हती.

आणि एक रीत होती. दिवाळीनंतर नवा धान घरात आला की दोन्ही घरचे तांदूळ एकत्र करून एकाच गंजात, मोठ्या पातेल्यात, पहिला भात शिजायचा. जावेच्या चुलीवर. वरच्या बांधीचा आणि खालच्या बांधीचा, कुठला कुणाचा हे भात झाल्यावर कळत नसे. सासऱ्यांनी वाटणी करताना एवढी एकच अट घातली होती.

असं चाललेलं असताना, दोन हजारच्या दशकात कधीतरी, माझा नवरा नागपूरला शेतकऱ्यांच्या शिबिराला गेला. जाताना चांगला होता.

परत आला तो एक कापडी पिशवी, एक टोपी आणि दोन शब्द घेऊन. स्पर्धात्मकता आणि शाश्वत विकास. हे दोन शब्द तो एका दमात म्हणायचा, लग्नपत्रिकेवर छापल्यासारखे. त्या दोघांचं आपसात पटतं का, हे शिबिरात बहुतेक कुणी विचारलं नव्हतं.

"आता साऱ्या जगासंगं स्पर्धा हाये," जेवताना तो म्हणाला. "साधा धान पिकवून आपन टिकत नाई. आपल्याले वेगळं काई पायजे. शाश्वत."

"शाश्वत म्हणजे काय?"

"म्हंजे जे टिकते ते."

"मग इतके दिवस काय करत होतो आपण?"

त्यानं विचार केला. "तेच. पन कागद नव्हता."

कागद म्हणजे सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र. आमच्या बांधीच्या एका कोपऱ्यात घरापुरता चिन्नोर व्हायचा. बारीक, सुवासिक तांदूळ. एका घरी शिजला की अख्ख्या गल्लीला कळतं की पाहुणे आलेत. पीक उंच वाढतं, वाऱ्यानं लोळतं, उशिरा येतं आणि कमी येतं, म्हणून लोकांनी तो केव्हाच सोडला होता. नवऱ्याला शिबिरात पुण्याच्या एक व्यापारीण बाई भेटल्या होत्या. त्यांच्या दुकानाला चिन्नोर हवा होता, पण खतं-औषधं न मारलेला, आणि तसा कागद असलेला. नवऱ्यानं सगळी बांधी चिन्नोरला द्यायचं ठरवलं. मी वडिलांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "बढिया है. पण एकच गिऱ्हाईक?" मी ते नवऱ्याला सांगितलं नाही. तो उत्साहात असला की त्याच्याशी बोलण्यात वेळ जातो.

पाहणीला तपासनीस आला. चांगला मुलगा होता, चष्मा, पाठीवर पिशवी, पायात बूट. बूट त्यानं धुऱ्यावर काढून ठेवले आणि मग शोधत बसला. नवऱ्यानं शेणखत दाखवलं, बियाणं दाखवलं, कडुनिंबाचा अर्क दाखवला, त्याला हुंगायलाही लावलं. तपासनिसानं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "पाणी कुठून येतं?"

"वरून. भावाच्या बांधीतून."

"वरच्या शेतात रासायनिक खत वापरतात का?"

"सख्खा भाऊ आहे माझा," नवरा म्हणाला.

"ते ठीक आहे. युरिया टाकतात का?"

"मोठा आहे माझ्याहून."

तपासनिसानं कागद उलटून पाहिला. त्याच्या कागदावर भाऊ या उत्तरासाठी जागा नव्हती. मग त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. वरून युरियाचं आणि फवाऱ्याचं पाणी येत असेल तर खालचं शेत सेंद्रिय धरता येत नाही. एक तर वरच्यांनीही सोडावं, नाही तर मधला धुरा उंच करून ती वाट कायमची बंद करावी आणि आपलं पाणी वेगळं आणावं. तीन वर्षं असं सांभाळलं की पक्का कागद मिळेल. मध्ये एकदा जरी वरचं पाणी खाली आलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

त्या संध्याकाळी नवरा भासऱ्यांच्या छपरीत जाऊन बसला. जाऊ आणि मी आत, दाराआड, कणीक मळत होतो. म्हणजे ती मळत होती, मी परात धरून ऐकत होते.

नवऱ्यानं सुरुवात बरी केली. स्पर्धा, पुणे, जग. मग म्हणाला, "दादा, एवढंच कर. युरिया बंद कर."

"कायले?"

"तुह्या बांधीतलं पानी माह्यात येते."

"आजकाल येऊन राहिलं का?"

"तसं नाई. त्याच्यात विष असते, दादा."

जावेचे हात कणकेत थांबले. मला वाटलं आता भासरे ओरडतील, पण ते हळू बोलले. हळू बोलले की ते जास्त रागात असतात, हे मला जावेनं पूर्वीच शिकवलं होतं.

"त्याच पान्यावर तुहं लगन झालं," ते म्हणाले. "पाह्य लहान्या. तुले पुन्याचं गिऱ्हाईक भेटलं. माहा धान तोलाले जाते तिथं साऱ्याईले एकच भाव. चांगला असो का भुक्कड असो. मंग मी काय करू? जास्त पिकवीन तेवढंच माहं. युरिया सोडला त मी कोनासंगं स्पर्धा करू, तुह्यासंगं?"

भासऱ्यांची खाट करकरली, ते उठले.

"मुही बंद करा लागते त कर. मी अडवत नाई. पन माहं पानी विष हाये, हे तू बोलला."

दोघांचंही बरोबर होतं, आणि तीच पंचाईत होती. एक चुकीचा असता तर आम्ही बायकांनी त्याला दोन दिवसांत सरळ केलं असतं.

उन्हाळ्यात मजूर लावून मधला धुरा कमरेएवढा उंच केला. शेवटी मुहीच्या जागी माती टाकायची वेळ आली तेव्हा मजुरांनी फावडी खाली ठेवली. त्यातला एक म्हणाला, "हे तुमीच करा, मालक." नवऱ्यानं ती माती स्वतः टाकली आणि वरून पायानं चोपली. भासरे वरच्या धुऱ्यावर उभे राहून बघत होते. वरच्या बांधीला बाकी तीन बाजूंनी चढ आहे. एका बाजूला रस्ता, दोन बाजूंना उंचवटा. पाणी जायला तेवढी एकच दिशा होती, ती आमची.

मग बोअर मारली. पाणी लागलं. पंप बसला. वीज कधी असायची, कधी नसायची, म्हणून नवरा बांधीतच खाट टाकून पंपाची वाट बघायचा. आणि त्या उन्हाळ्यात अंगणातल्या विहिरीचा दोर आम्हाला लांब करावा लागला. मी नवऱ्याला म्हटलं, शाश्वत पाणी विहिरीतून निघून बोअरमध्ये गेलेलं दिसतं. तो म्हणाला, तुझं ज्ञान अर्धवट आहे. ते खरं होतं, पण दोर लांब झाला तो झालाच.

त्या वर्षी चिन्नोर घरात आला. तपासनिसाचे नियम होते: कोठी वेगळी, पोती वेगळी, खळं वेगळं, कुठंही मिसळ होऊ द्यायची नाही. नवऱ्यानं कोठीला कुलूप लावलं. मी नव्या तांदळाची परडी घेऊन पलीकडे गेले, नेहमीसारखी. जाऊ चुलीपाशी होती. गंज चुलीवर होता, पण लहान, त्यांच्या घरापुरता.

"तुमचा भात आमच्या भातात बसत नाई म्हंते, लहाने," ती म्हणाली. "त्यायनं सांगतलं, आता मिसरवू नका. तुमचा कागद खराब होईल."

"बाई, शिजवलेल्या भाताला कोण कागद विचारतो?"

"मले काय समजते. त्यायनं सांगतलं."

मी परडी घेऊन परत आले. अंगण ओलांडायला किती वेळ लागतो! पण मला तेवढ्यातच रडू आलं, आणि मी घरात न जाता गोठ्यात जाऊन रडले. त्यानंतर जाऊ आमच्याकडे येईनाशी झाली. भांडण नव्हतं. दिसली की हसायची, विचारपूस करायची, पण ओटा चढायची नाही. रोवणीला ती वर आणि मी खाली, मध्ये कमरेएवढा धुरा. तिच्या बायका गाणी म्हणायच्या ती मला ऐकू यायची. आमच्या बाजूला नवरा मजुरांना शाश्वत विकास समजावून सांगत असायचा. मला फार एकटं वाटायचं, आणि नवऱ्याचा फार राग यायचा. दोन्ही एकाच वेळी यायचं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. बांधी खरंच बदलली. दुसऱ्या वर्षी माती हाताला मऊ लागायला लागली. खेकडे आले, गोगलगाई आल्या, त्यांच्या मागं बगळे आले. पिकाला कीड लागली, पण अर्धी बगळ्यांनी आणि कोळ्यांनी खाल्ली. कणसं भरली की संध्याकाळी वास सुटायचा. नवरा धुऱ्यावर उभा राहून तो वास घ्यायचा, तेव्हा मला त्याचा राग येणं कठीण जायचं. वर भासऱ्यांची बांधी हिरवीगार, बुटका सुधारित धान, पोत्यांवर पोती. इकडून वास आणि तिकडून वजन, अशी दोन भावांची स्पर्धा गावात चर्चेला होती.

पुण्याच्या बाईंचे फोन यायचे. पहिल्या वर्षी त्यांना आमच्या तांदळाचं फार कौतुक. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, दुसऱ्या एका जिल्ह्यातून असाच तांदूळ स्वस्त मिळतोय, तेही सेंद्रियच. नवरा चक्रावला. त्याला वाटलं होतं, शाश्वत झालो की स्पर्धा संपली. ती तर तिथंही रांगेत आधीच उभी होती. बाई म्हणाल्या, तुमच्याकडे पक्का कागद येऊ दे, मग मी तुमचाच माल घेईन, बघा, दर वर्षी. म्हणजे आता सगळं तिसऱ्या वर्षावर आलं. बोअर, धुरा, पंप, दोन वर्षांचं कमी पीक, सगळ्याचा जीव त्या एका कागदात होता. नवरा झोपेतसुद्धा "तिसरं वरीस" म्हणायचा.

आधीची दोन वर्षं पाऊस बेताचाच झाला होता. तिसऱ्या वर्षीही रोवणीपर्यंत तो नीट पडला. भाद्रपदात मात्र असा लागला की थांबायचं नाव घेईना. आमची बांधी खालची, तिला पुढं नाल्याकडे उतार होता, आमचं पाणी निघून जात होतं. वरच्या बांधीतलं मात्र कुठं जाणार? मध्ये आमचा कमरेएवढा शाश्वत धुरा. भासऱ्यांचा धान तेव्हा नुकताच निसवला होता, कणसं बाहेर आली होती, बुटका धान, आणि पाणी हळूहळू कणसांपर्यंत चढायला लागलं.

अशा वेळी वरचा माणूस मुही उघडतो. त्याला विचारावं लागत नाही, तो त्याचा हक्कच आहे. गावातला कुणीही हेच म्हणाला असता. नवऱ्यालाही ते माहीत होतं, म्हणून तो छत्री घेऊन दिवसभर धुऱ्यावर बसून राहिला. तपासनीस त्याच आठवड्यात येणार होता. मोठ्या भावानं फावडं उचललं तर आपण काय करणार, हे त्यानं ठरवलं नव्हतं, पण बसला होता.

भासऱ्यांनी फावडं उचललं नाही. त्यांनी डिझेलचं इंजिन आणलं. ते बांधीच्या वरच्या अंगाला लावलं, पाइप जोडला आणि पाणी चढावर, रस्त्याच्या पलीकडे फेकायला सुरुवात केली. वरून पाऊस आणि खालून इंजिन. जितकं बाहेर जात होतं तितकंच आकाशातून परत येत होतं. लोक रस्त्यावर थांबून बघायला लागले. उताराला वाट असताना पाणी डोंगरावर चढवणारा माणूस त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. कुणीतरी म्हणालं, मोठा सटकला.

नवरा दुपारी जेवायला आला तो धुमसत होता. "हट्ट पाह्य त्याचा. मुही तोडनार नाई, इंजिन लावीन. साऱ्या गावाले दाखवून राहिला का लहान्यानं मले बुडवलं."

मलाही तसंच वाटलं. भासऱ्यांच्या नाकावर माशी बसत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माणूस रागानं स्वतःचं पीक बुडवू शकतो, असं मला त्या घरात राहून सहज पटत होतं.

तो जेवत असतानाच जाऊ आमच्या ओट्यावर चढली. इतक्या दिवसांनी. डोक्यावर पोतं पांघरलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. नवरा आत असल्याचं तिला माहीत नव्हतं. ती दारातूनच म्हणाली, "लहाने, डिझेल हाये का वं घरी? आमचं सरत आलं. लहान्याले सांगजो नको का मी मागाले आली."

आमच्याकडे मागच्या खोलीत भरलेला कॅन होता, वीज फार दिवस गेली तर भाड्याचं इंजिन लावायला म्हणून ठेवलेला. मी तो आणून दिला. पण हात सोडला नाही.

"बाई, मुही काऊन नाही तोडत ते?" इतक्या वर्षांत माझ्या तोंडी काऊन आला होता.

"म्यानंच म्हटलं तोडा म्हनून. सकारपासून म्हनून राहिली." ती कॅनकडे बघत होती. "त म्हंते, नाई. लहान्याचं तिसरं वरीस हाये. माहं पानी खाली गेलं त त्याचा कागद जाते."

"असं म्हणाले?"

"तीन वरसं मोजून राहिले ते. रोवनी झाली का म्हंतेत, एक झालं. कापनी झाली का म्हंतेत, आता दोन रायले. तुमच्याईपेक्षा जास्त त्यायलेच ध्यान हाये त्या कागदाचं." मग ती रडायला लागली. "माहा सारा धान गेला वं, लहाने. आन् हा मानूस म्हंते, जाऊ दे."

आत पाट सरकल्याचा आवाज आला. नवरा बाहेर आला, उष्ट्या हातानं. जावेनं पदरानं डोळे पुसले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानं कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि पावसात चालायला लागला. आम्ही दोघी कॅन मध्ये धरून त्याच्या मागं निघालो. कॅन जड होता, आणि खाली ठेवायचं दोघींपैकी कुणालाच सुचलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा त्यानं धुरा फोडायला घेतला होता, बरोबर मुहीच्या जागी. तीन वर्षांची चोपलेली माती. ढेकूळ निघेना. भासरे इंजिनापाशी होते, पावसाच्या आवाजात त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते पाण्यातून धावत आले. धावत म्हणजे, त्या पाण्यात जसं धावता येतं तसं.

"काऊन तोडून राहिला? पागल झाला का? साहेब येऊन राहिला!"

"येऊ दे."

"लहान्या, सोड ते!"

नवरा सोडेना. मग भासऱ्यांनी वरच्या बाजूनं हातांनी चिखल उचलून भगदाडात भरायला सुरुवात केली. हा खालून काढायचा, ते वरून भरायचे. रस्त्यावरची माणसं हसत होती. दोघंही ओरडत होते, आणि दोघंही एकमेकांसाठीच ओरडत होते, पण ते लांबून कळण्यासारखं नव्हतं.

"तुहा धान सडून राहिला, दादा!"

"सडू दे! माहा धान दरवर्षी येते. तुहा कागद एकदाच येनार होता!"

नवऱ्याच्या हातातलं फावडं थांबलं. त्यानं ते खाली टाकलं, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती ओढायला लागला. मोठ्यानं रडत. भासऱ्यांचे हात तेव्हा हळू झाले, आणि मग पाण्यानंच पुढचं काम केलं. धुऱ्याचा एक तुकडा आत कोसळला आणि युरियाचं, फवाऱ्याचं, तीन वर्षांपासून अडवलेलं पाणी आमच्या चिन्नोरात धो धो उतरलं. दोघं भाऊ त्या भगदाडाच्या दोन बाजूंना बसून राहिले. भासऱ्यांनी धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो चिखलाचा होता, तसाच ठेवला.

कागद गेला. तो पुढं कधी आलाही नाही, पण त्या दिवशी त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही.

वर इंजिन अजून धडधडत होतं, एकटंच, पाणी चढावर फेकत. जाऊ म्हणाली, ते बंद करा लागते. आम्ही दोघी गेलो. इंजिन कसं बंद करतात हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. तिनं एक दांडी ओढून पाहिली, मी एक ओढली, ते आणखी जोरात चाललं. त्या दोघा भावांना हाक मारावी असं दोघींनाही वाटलं नाही. शेवटी ती म्हणाली, डिझेल सरलं का आपोआप बंद होते, मंग जाऊ घरी, आणि पोतं पसरून धुऱ्यावर बसली. मी तिच्याजवळ बसले. आमचा कॅन भरलेलाच तिथं पडला होता. थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज मंद व्हायला लागला, तेव्हा जावेनं उठून त्यात आमचं डिझेल ओतलं आणि परत येऊन माझ्याजवळ बसली.